लाकडी ब्लेड (टेबल टेनिस)

टेबल टेनिसच्या बॅटवरील दोन्ही बाजूंचे रबर काढल्यावर मुठीसह जी लाकडी फळी उरते तिला ब्लेड असे म्हणतात. मराठी खेळाडूंच्या बोलण्यातही हाच शब्द रूढ आहे. रबर काही महिन्यांत झिजते व बदलले जाते, ब्लेड मात्र अनेक वर्षे टिकते. त्यामुळे खेळाडूच्या फटक्यांची सवय बहुधा एका विशिष्ट ब्लेडभोवती घडलेली असते. ते ब्लेड मोडले, त्याचे थर सुटले किंवा ते मॉडेल बनणे बंद झाले, की हाताला तसाच अनुभव देणारे दुसरे ब्लेड शोधावे लागते. लाकूड हा नैसर्गिक पदार्थ असल्याने एकाच कारखान्यातील एकाच मॉडेलचे दोन नगही तंतोतंत सारखे नसतात. म्हणून हा शोध दिसतो तितका सोपा नसतो.

नियम

आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाच्या नियमांनुसार बॅटचा आकार, आकारमान व वजन यांवर कोणतेही बंधन नाही. ब्लेड सपाट व ताठ असावे एवढीच अट आहे. ब्लेडच्या जाडीपैकी किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असणे बंधनकारक आहे. थर जोडणाऱ्या गोंदाच्या पातळीवर कार्बन, काच यांसारखे तंतू किंवा दाबलेला कागद वापरता येतो. परंतु अशा थराची जाडी एकूण जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिलिमीटर यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक असता कामा नये. सुमारे ४.७ मिलिमीटरपेक्षा जाड ब्लेडला, म्हणजे आज वापरात असलेल्या बहुतेक ब्लेडांना, यांपैकी ०.३५ मिलिमीटरची मर्यादाच लागू पडते.

स्पर्धेत वापरायचे रबर महासंघाच्या मान्यताप्राप्त यादीत असावे लागते. ब्लेडसाठी अशी यादी नाही. त्यामुळे मोठ्या कंपन्यांबरोबरच छोट्या कार्यशाळाही ब्लेड बनवू शकतात आणि एखाद्या खेळाडूने स्वतःसाठी घडवून घेतलेले ब्लेडही नियमात बसते. पर्यायाच्या शोधात ही मोकळीक फार उपयोगी पडते. मात्र ब्लेड व त्यातील प्रत्येक थर अखंड आणि समान जाडीचा असावा असा नियम असल्याने डागडुजीला मर्यादा पडते. कडेचा टवका गोंदाने बसवणे आणि चेंडू लागतो त्या भागात ठिगळ लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रचना

बहुतेक ब्लेड पाच किंवा सात थरांच्या प्लायवूडचे असते. मध्यभागी हलक्या लाकडाचा जाड गाभा असतो. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मधले थर व सर्वांत बाहेर पृष्ठथर असतात. गाभ्याचे व पृष्ठथराचे तंतू सहसा मुठीच्या दिशेने, तर पाच थरांच्या ब्लेडमधील मधल्या थराचे तंतू आडवे बसवलेले असतात. लाकूड तंतूंच्या दिशेने मजबूत आणि आडव्या दिशेने कमकुवत असते. आडव्या थरामुळे फळी उभी चिरत नाही आणि पिळली जात नाही.

शेकहँड पकडीच्या ब्लेडची पाती साधारणपणे १५७ मिलिमीटर लांब व १५० मिलिमीटर रुंद असते, तर मूठ सुमारे १०० मिलिमीटर लांब असते. रबराशिवाय वजन बहुधा ८० ते ९५ ग्रॅम भरते. मुठीचे तीन आकार प्रचलित आहेत: टोकाकडे रुंद होत जाणारी फ्लेअर्ड, सरळ असणारी स्ट्रेट आणि तळहाताच्या खळग्यात बसावी म्हणून मध्ये फुगवलेली अ‍ॅनाटॉमिक.

बाहेरचे थर पातळ असले तरी ब्लेड किती वाकेल हे ठरवण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. फळी वाकते तेव्हा ताण व दाब पृष्ठभागाजवळ सर्वाधिक आणि मध्यभागी जवळजवळ शून्य असतो. ५.८ मिलिमीटर जाडीच्या ब्लेडचे दोन्ही पृष्ठथर प्रत्येकी अर्धा मिलिमीटर धरले, तर जाडीत त्यांचा हिस्सा १७ टक्के भरतो. पण सर्व थर एकाच लाकडाचे व एकाच दिशेचे आहेत असे मानल्यास वाकण्याला होणाऱ्या विरोधात त्यांचा हिस्सा सुमारे ४३ टक्के येतो. प्रत्यक्षात पृष्ठथर गाभ्याहून कठीण लाकडाचा असतो, त्यामुळे हा वाटा आणखी वाढतो. दोन ब्लेडांचा गाभा एकच असला तरी पृष्ठथर वेगळा असल्यास ती सारखी खेळत नाहीत, याचे कारण हेच आहे.

लाकडाचे प्रकार

गाभ्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे लाकूड म्हणजे पश्चिम व मध्य आफ्रिकेतील आयुस. त्याची घनता घनमीटरला सुमारे ३८० किलो असते. ते हलके, एकसारख्या पोताचे व कापायला सोपे आहे. याहून हलका गाभा हवा असल्यास पॉलोनिया, म्हणजे जपानी नाव किरी, वापरतात (घनता सुमारे २८०). बाल्साचा गाभा (सुमारे १५०) असलेले ब्लेड जाड असूनही वजनाला अगदी हलके असते. मात्र त्याच्यावर हलका फटका मवाळ आणि जोरदार फटका पोकळ वाटतो अशी अनेक खेळाडूंची तक्रार असते.

पृष्ठथरासाठी लिंबा आणि कोटो ही दोन आफ्रिकी लाकडे विशेष प्रचलित आहेत. लिंबाचा कडुनिंबाशी काहीही संबंध नाही. वनस्पतिशास्त्रानुसार ते टर्मिनालिया प्रजातीतील झाड असून सह्याद्रीतील ऐन, हिरडा, बेहडा व अर्जुन यांचे नातलग आहे. आयुस, कोटो व बाल्सा हे तिन्ही वृक्ष काटेसावर ज्या कुळात येते त्या मालव्हेसी कुळातील आहेत. लिंबाचा पोत उघडा व रेषा ठळक असतात आणि चेंडूचा स्पर्श त्यावर मऊ वाटतो. रबर ओढून काढताना लिंबाच्या पृष्ठभागाची सालपटे मात्र सहज निघतात. कोटो बारीक पोताचे व अधिक कठीण असते, त्यावर चेंडू लवकर सुटतो. शिसवी आणि एबनी यांचे पृष्ठथर त्याहून कठीण असतात. एबनीची घनता पाण्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक असल्याने त्याचा थर अतिशय पातळ ठेवावा लागतो.

शिसवीच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचण आहे. ज्या डॅल्बर्जिया प्रजातीत ही झाडे मोडतात तिच्या सर्व जाती संकटग्रस्त वन्यजातींच्या व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत २ जानेवारी २०१७ पासून समाविष्ट आहेत. ब्राझीलमधील शिसवीवरील निर्बंध त्याआधीपासून, १९९२ पासून, आहेत. त्यामुळे अशा लाकडाचे जुने ब्लेड परदेशातून मागवताना कागदपत्रांचा प्रश्न उद्भवू शकतो.

'फील' या संकल्पनेचा अर्थ

खेळाडू ज्याला 'फील' म्हणतात तो एकच गुण नसून अनेक गोष्टींची बेरीज आहे. चेंडू आदळल्यावर मुठीतून तळहाताला जाणवणारे कंपन, आघाताचा आवाज, चेंडू बॅटवरून निघण्याचा वेग व कोन, आणि बॅट फिरवताना जाणवणारा तिचा भार या सर्वांचा त्यात समावेश होतो. चेंडू बॅटच्या संपर्कात साधारण एक मिलिसेकंदच असतो. कंपनाची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचते तोवर चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. म्हणजे फीलमुळे तो फटका सुधारत नाही. तो कसा बसला याची बातमी खेळाडूला मिळते आणि पुढचा फटका त्या बातमीवर बेतला जातो. ब्लेड बदलल्यावर ही बातमी अनोळखी भाषेत येऊ लागते, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत साधे पुश आणि ब्लॉकही बिघडतात.

आवाजाचे महत्त्व टेबल टेनिसच्या इतिहासात मुंबईमध्येच ठळकपणे समोर आले. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत भरली होती व ती आशियातील पहिली जागतिक स्पर्धा होती. जपानच्या हिरोजी सातो याने जाड स्पंज लावलेल्या बॅटने तीत पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवले. तोवरच्या पातळ, दाणेदार रबरावर चेंडू लाकडाचा टणत्कार करत असे आणि प्रतिस्पर्धी त्या आवाजावरून वेगाचा अंदाज घेत. स्पंजने तो आवाजच गिळला. पुढे १९५९ मध्ये महासंघाने रबर व स्पंज यांच्या जाडीवर नियम घातले. आजही स्पंजसह रबराची कमाल जाडी गोंद धरून ४ मिलिमीटर आहे. त्या काळापासून लाकूड आणि चेंडू यांच्यामध्ये स्पंज कायमचा आला. ब्लेडचा गुणधर्म आता स्पंजमधून गाळून हातापर्यंत पोहोचतो. पर्यायाची तुलना करताना ही गोष्ट विसरली, तर निष्कर्ष हमखास चुकतो.

बदलीची गरज

ब्लेड निकामी होण्याची सर्वांत सामान्य कारणे आघाताची आहेत. बॅट टेबलाच्या कडेवर आपटल्याने पातीची कड फुटते. मूठ व पाती जेथे मिळतात त्या मानेपाशी तडा जातो. मुठीच्या दोन बाजूंच्या पट्ट्या सैल होतात. तडा बाहेरून दिसत नसला तरी बोटाच्या पेराने वाजवून पाहिल्यास नेहमीच्या खणखणीत आवाजाऐवजी भद्द किंवा फरफरणारा आवाज येतो. कडेचे टवके व सैल मूठ सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने आणि शिकंजात दाबून दुरुस्त करता येतात. मानेतील तडा दुरुस्त झाला तरी त्या ठिकाणचे वाकणे पूर्ववत होत नाही, आणि ब्लेडच्या फीलमध्ये मानेचा वाटा मोठा असतो.

दुसरे कारण बाजाराचे आहे. चेंडूचा व्यास २००० साली ३८ वरून ४० मिलिमीटर झाला. झटपट सुकणाऱ्या, सेंद्रिय द्रावके असलेल्या गोंदावर २००८ च्या सप्टेंबरपासून बंदी आली. २०१४ पासून सेल्युलॉइडऐवजी प्लॅस्टिकचे चेंडू आले. या प्रत्येक बदलाने चेंडूचा वेग व फिरकी यांना थोडी कात्री लागली. ती भरून काढण्यासाठी कंपन्यांनी अधिक वेगवान, विशेषतः तंतुमिश्रित, ब्लेड बाजारात आणली. पूर्ण लाकडी, मध्यम वेगाची कित्येक मॉडेल या ओघात मागे पडली. काहींचे नाव तेच राहिले पण मूठ, जाडी किंवा बनावट बदलली. बचावात्मक चॉप खेळणारे आणि फिरकीवर भिस्त ठेवणारे अनेक खेळाडू मात्र जुन्या लाकडालाच चिकटून राहिले. पर्यायाच्या शोधात सर्वाधिक वणवण त्यांनाच करावी लागते.

पर्यायी ब्लेडची निवड

कंपन्या ब्लेडचे वर्गीकरण बचावात्मक, ऑलराउंड व आक्रमक अशा श्रेणींत करतात आणि वेग, नियंत्रण, कडकपणा यांना गुणही देतात. या गुणांना कोणतेही सामायिक मानक नाही. एका कंपनीचा '८' आणि दुसऱ्या कंपनीचा '८' यांची तुलना करणे निरर्थक असते. एकाच कंपनीच्या यादीत दोन मॉडेलांचा क्रम लावण्यापुरताच त्यांचा उपयोग आहे. त्यापेक्षा जुन्या ब्लेडवरच मोजमाप करणे अधिक भरवशाचे असते, आणि ते मोडलेले असले तरी बहुतेक मोजमापे घेता येतात.

प्रथम रबर व गोंदाचा पापुद्रा पूर्ण काढून ब्लेडचे वजन डिजिटल काट्यावर घेतले जाते. पातीची जाडी व्हर्नियर कॅलिपरने टोक, दोन्ही बाजू व मानेजवळ अशी निदान चार ठिकाणी मोजतात, कारण एका ब्लेडमध्येही दशांश मिलिमीटरचा फरक आढळतो. कडेकडून पाहिल्यास थरांची संख्या, त्यांची सापेक्ष जाडी आणि तंतूंची दिशा समजते. तंतू कडेशी समांतर असलेला थर रेषांचा दिसतो, तर आडवा थर बारीक छिद्रांचा दिसतो. कार्बनचा थर काळी रेघ म्हणून ओळखू येतो. कडेवर धूळ व घाम साचून थर दिसेनासे झाले असल्यास बारीक पॉलिशपेपर हलका फिरवावा लागतो.

या मोजमापांमध्ये जाडीला सर्वाधिक वजन द्यावे लागते. फळीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ५.८ मिलिमीटरऐवजी ६.० मिलिमीटरचे ब्लेड घेतले, तर पातीचे वजन जेमतेम दीड ग्रॅमने वाढते, पण कडकपणा सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो. ५.५ वरून ६.० वर गेल्यास हा फरक ३० टक्क्यांच्या घरात जातो. डोळ्याला न दिसणारा हा फरक हाताला पहिल्या काही फटक्यांतच कळतो.

त्यानंतर लाकडांची जुळणी येते. नावापेक्षा रचनेवर भर देणे येथे श्रेयस्कर ठरते. लिंबाचे पृष्ठथर व आयुसचा गाभा असलेली पाच थरांची रचना हा युरोपीय लाकडी ब्लेडचा जणू मूळ साचा आहे. पेत्र कोर्बेल या चेक खेळाडूच्या नावाचे बटरफ्लाय कंपनीचे ब्लेड या साच्यातले मानले जाते. स्वीडनच्या स्टिगा कंपनीचे क्लिपर हे सात थरांच्या, अधिक कडक व वेगवान लाकडी ब्लेडचे नमुनेदार उदाहरण आहे, तर त्याच कंपनीचे ऑलराउंड क्लासिक पाच थरांचे, पातळ व मवाळ आहे. एखाद्या साच्यातील ब्लेड मिळेनासे झाल्यास त्याच साच्यातील, त्याच जाडीचे, दुसऱ्या कंपनीचे ब्लेड बहुधा जवळ जाते. पाच थरांच्या ब्लेडऐवजी सात थरांचे 'थोडे हळू' ब्लेड घेणे हा सुचणारा पण फसवा उपाय आहे. त्याने वेग जुळला तरी वाकणे जुळत नाही. पूर्ण लाकडी ब्लेडच्या जागी कार्बनचे ब्लेड घेतल्यास हलक्या फटक्यावर फारसा फरक जाणवत नाही, पण जोरदार फटक्यावर चेंडू अपेक्षेपेक्षा लांब पडतो.

तंतुमिश्रित ब्लेडमध्ये तंतूंचा थर पृष्ठथराच्या लगेच खाली आहे की गाभ्याला लागून आहे यालाही महत्त्व आहे. बटरफ्लायच्या प्रसिद्ध विस्कारिया या ब्लेडमध्ये कोटो, त्याखाली अरायलेट-कार्बनचा थर, मग लिंबा आणि मध्यभागी किरीचा गाभा असा क्रम आहे. तोच थर गाभ्याला चिकटून बसवला तर संथ फटक्यांवर ब्लेड लाकडासारखे वागते. पूर्ण लाकडी ब्लेड न मिळाल्यास दुसऱ्या प्रकारचे ब्लेड हा त्यातल्या त्यात जवळचा पर्याय समजला जातो.

वजनाची जुळणी ही निम्मी नशिबाची बाब आहे. एकाच मॉडेलचे नग ८० ग्रॅमपासून ९५ ग्रॅमपर्यंत आढळू शकतात, कारण एकाच जातीच्या दोन झाडांच्या, किंबहुना एकाच खोडाच्या दोन भागांच्या, लाकडाची घनता वेगळी असते. काही विक्रेते नग तोलून मागितलेल्या वजनाचे देतात. अशी सोय असल्यास जुन्या वजनाच्या दोन-तीन ग्रॅमच्या आत राहणे इष्ट असते. त्याच मॉडेलचा जड नग सामान्यतः हलक्या नगापेक्षा कडक व वेगवान असतो. त्यामुळे 'तेच मॉडेल, पण दहा ग्रॅम जड' यापेक्षा 'शेजारचे मॉडेल, पण त्याच वजनाचे' हा पर्याय प्रत्यक्षात अधिक जवळचा ठरू शकतो.

एकूण वजनाइतकाच त्याचा विभागही महत्त्वाचा आहे. बॅट पेन्सिलीवर आडवी ठेवून तिचा समतोलबिंदू शोधला व मुठीच्या टोकापासूनचे त्याचे अंतर नोंदवले, तर दोन बॅटींची तुलना करता येते. पातीकडे झुकलेली बॅट वेगाने जाते पण परत आणायला जड वाटते. स्टिगाच्या काही ब्लेडमध्ये मूठ मुद्दाम पोकळ ठेवलेली असते. अशा ब्लेडच्या जागी भरीव मुठीचे ब्लेड घेतल्यास एकूण वजन जुळूनही हाताला ते वेगळेच वाटते. मुठीची जाडी कमी पडल्यास तिच्यावर पट्टी गुंडाळता येते आणि जास्त झाल्यास पॉलिशपेपरने उतरवता येते. हा एकच घटक असा आहे की तो खेळाडू घरच्या घरी दुरुस्त करू शकतो.

आवाजावरून तुलना

रबर नसलेल्या ब्लेडवर चेंडू टाकल्यास जो स्वर ऐकू येतो त्याची कंप्रता ब्लेडचा कडकपणा व वस्तुमान यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. नेहमीच्या आकाराच्या ब्लेडसाठी ती ढोबळमानाने १००० ते १७०० हर्ट्झच्या दरम्यान येते. मवाळ ऑलराउंड ब्लेडचा स्वर खालचा आणि कडक आक्रमक ब्लेडचा वरचा असतो. मोबाइलवरील ध्वनिविश्लेषणाच्या अ‍ॅपने ही कंप्रता मोजता येते आणि तीवरून दोन ब्लेडांची तुलना अंदाजापेक्षा बरीच नेमकी होते. जाडीत ५.८ वरून ६.० मिलिमीटर एवढा फरक पडला, तरी १२०० हर्ट्झचा स्वर सुमारे ४० हर्ट्झने चढतो.

ही पद्धत मुख्यतः कडकपणा सांगते. कंपन किती लवकर विरते, हे त्या आकड्यात येत नाही, आणि लाकडाच्या 'गोडव्या'बद्दल खेळाडू जे बोलतात त्याचा संबंध बहुधा या विरण्याशी असतो. जपानच्या निट्टाकू कंपनीने आपल्या काही लाकडी ब्लेडांना व्हायोलिन, अकूस्टिक, टेनर अशी वाद्यांशी निगडित नावे दिली आहेत, ती या दृष्टीने बोलकी आहेत. ब्लेडला तडा असल्यास त्याची कंप्रता खाली उतरलेली असते. म्हणून मोडक्या ब्लेडच्या स्वरावरून पर्याय निवडणे धोक्याचे असते. या बाबतीत शहाणपण असे की ब्लेड धडधाकट असतानाच त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा. हे क्वचितच कोणी करतो.

रबरासह चाचणी

तुलनेतील सर्वांत मोठी गफलत रबरामुळे होते. जुन्या ब्लेडवर वर्षभर वापरलेले, पकड गेलेले रबर असते आणि नव्या ब्लेडवर कोरे रबर लावले जाते. चेंडू वेगाने व उंच जाऊ लागला की दोष ब्लेडला दिला जातो. रबराचा प्रकार, स्पंजची जाडी व कठीणपणा सारखे असतील तरच ब्लेडचा फरक कळतो. पाण्याच्या आधारावरचा गोंद वापरला असल्यास जुने रबर सावकाश सोलून नव्या ब्लेडवर चढवता येते. स्पंज फाटू नये म्हणून ते तिरपे न ओढता मुठीकडून टोकाकडे हळूहळू सोडवावे लागते. रबराच्या कापलेल्या तुकड्याचे वजनही ४० ते ५५ ग्रॅमपर्यंत बदलते. दोन्ही बाजूंचे मिळून रबर ब्लेडइतकेच जड होते, याचा विचार न करता केवळ ब्लेडच्या चार-पाच ग्रॅमवर काथ्याकूट करण्यात अर्थ नसतो.

चाचणीसाठी हलके फटके अधिक उपयोगी असतात. जोरदार स्मॅशवर बहुतेक ब्लेड सारखीच वाटतात. सर्व्हिस घेताना टाकायचा आखूड पुश, संथ लूपवरचा ब्लॉक आणि टेबलापासून दूरचा चॉप या तीन फटक्यांत फरक उघडा पडतो. पुश नेहमीपेक्षा लांब जात असेल तर नवे ब्लेड अधिक कडक आहे. अशा वेळी ब्लेड न बदलता स्पंज थोडा पातळ किंवा मऊ घेऊन बरीचशी तडजोड साधता येते. उलट मवाळ ब्लेडला कडक करण्याचा असा सोपा मार्ग नाही. त्यामुळे दोन पर्यायांत निवड करायची झाल्यास किंचित कडक ब्लेड घेऊन रबराने जुळवून घेणे सोयीचे पडते, मात्र 'किंचित' या शब्दाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

एकसंध हिनोकी

जपान व कोरियातील पारंपरिक पेनहोल्ड ब्लेड थरांचे नसून हिनोकी या जपानी सायप्रसच्या एकाच फळीतून कापलेले असते व त्याची जाडी साधारण ९ ते १० मिलिमीटर असते. दक्षिण कोरियाच्या र्‍यू सुंग-मिन याने २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधील एकेरीचे सुवर्णपदक अशाच पेनहोल्ड बॅटने मिळवले. येथे गोंद नाही, आडवा थर नाही आणि सरासरी काढायला अनेक फळ्याही नाहीत. एका झाडाच्या एका तुकड्याचे सारे गुणदोष थेट हातात येतात. सावकाश वाढलेल्या जुन्या झाडांच्या रेषा दाट व सरळ असतात आणि अशी लाकडे दुर्मीळ व महाग आहेत. प्लायवूडच्या ब्लेडसाठी वर सांगितलेली रचनेच्या जुळणीची पद्धत येथे चालत नाही. रेषांची दाटी, त्यांची दिशा, वजन व वाजवून येणारा स्वर पाहून नग निवडावा लागतो. आडवा थर नसल्याने हे ब्लेड टेबलावर आपटल्यास रेषेच्या बाजूने सरळ चिरते, म्हणून त्याच्या कडेला संरक्षक पट्टी लावण्याची प्रथा आहे.

नव्या ब्लेडची तयारी व हवामान

नव्या ब्लेडच्या खांद्यांच्या, म्हणजे मुठीलगतच्या वक्र भागाच्या, कडा धारदार असतात व त्या अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात रुततात. जुन्या ब्लेडवर त्या वर्षांच्या वापराने किंवा पॉलिशपेपरने गोल झालेल्या असतात. नवे ब्लेड 'वेगळे' वाटण्याचे कारण कधीकधी एवढेच असते. रबर काढताना सालपटे निघू नयेत म्हणून पृष्ठभागावर पाण्याच्या आधारावरच्या वॉर्निशचा पातळ हात देतात. जाड थर दिल्यास पृष्ठथराचा मऊपणा नाहीसा होतो, आणि दिलेले वॉर्निश पृष्ठथर न घासता काढता येत नाही.

लाकूड हवेतील आर्द्रतेप्रमाणे पाणी शोषते व सोडते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या १२ टक्क्यांच्या आसपास असते, तर आर्द्रता ८० टक्के झाल्यावर ते १६ टक्क्यांपर्यंत जाते. या हिशेबाने ८५ ग्रॅमचे ब्लेड सुमारे तीन ग्रॅमने जड होऊ शकते. गोंद, रबर व वॉर्निश यांमुळे ही क्रिया मंदावते, थांबत नाही. मुंबई व कोकणात पावसाळ्यात हवेची आर्द्रता दीर्घकाळ चढी राहत असल्याने तेथे ब्लेड जड व सुस्त झाल्याची तक्रार ऐकू येते. त्यामुळे जुन्या ब्लेडचे जुलैमधील वजन आणि नव्या ब्लेडचे थंड, कोरड्या देशातील गोदामात घेतलेले वजन यांची तुलना काही ग्रॅमच्या फरकाने फसवी ठरते. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्याने फरक कमी होतो. उन्हात उभ्या मोटारीत बॅट ठेवणे मात्र गोंद व लाकूड या दोघांनाही घातक असते.

जुनी किंवा बंद झालेली मॉडेल वापरलेल्या स्थितीतही विकली जातात. अशा खरेदीत पातीची जाडी, मानेजवळचा तडा व पृष्ठथरावरचे वॉर्निश यांची छायाचित्रे मागवणे आवश्यक असते. नामांकित मॉडेलांच्या बनावट प्रतीही बाजारात आढळतात. त्यांच्यावरील छाप व मूठ हुबेहूब असते, परंतु कडेकडून पाहिल्यास थरांची जाडी व रंग जुळत नाहीत.

स्पर्धेतील राखीव बॅट

नियमानुसार सामना सुरू असताना बॅट बदलता येत नाही. ती अपघाताने वापरण्याजोगी उरली नाही तरच खेळाडूला सोबत आणलेली किंवा खेळाच्या जागी हाती दिलेली दुसरी बॅट घ्यावी लागते, आणि तीही तत्काळ. या तरतुदीमुळे व्यावसायिक खेळाडू एकाच मॉडेलचे अनेक नग घेऊन त्यांतून वजन व आवाज जुळणारे दोन-तीन निवडतात आणि राखीव बॅटवरही त्याच प्रकारचे रबर लावून ठेवतात.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ३० जुलै २०२४ रोजी चीनच्या वांग चुकिन व सुन यिंगशा यांनी मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. त्यानंतरच्या गर्दीत एका छायाचित्रकाराचा पाय वांगच्या बॅटवर पडून ती मोडली. दुसऱ्या दिवशी राखीव बॅटने खेळताना, त्या वेळी जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर असलेला वांग एकेरीत स्वीडनच्या ट्रुल्स मोरेगार्डकडून ४–२ असा पराभूत झाला. पराभवाला बॅट किती कारणीभूत होती हे ठरवता येत नाही, कारण मोरेगार्डचा खेळही त्या स्पर्धेत असाधारण होता व त्याने पुढे रौप्यपदक पटकावले. मोरेगार्डच्या हातातील ब्लेडची पाती नेहमीप्रमाणे गोलसर नसून षटकोनी होती. आकाराचे बंधन नसल्याने ती नियमात बसत होती. असे ब्लेड मोडल्यास गोल पातीचे ब्लेड त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण पातीचे क्षेत्रफळ व भाराचा विभाग दोन्ही निराळे असतात. त्या खेळाडूला त्याच आकाराचे दुसरे ब्लेड सोबत ठेवावे लागते.